आईच्या नावाचा केसपेपर

माझ्या डाव्या भुवईच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी एक जागा आहे, तिथं केस येत नाहीत. रोज सकाळी मी ती पेन्सिलनं भरते. इतकी वर्षं भरते आहे की आता ते काम हातच करतो, आरशात बघावं लागत नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी जयराजला ती जागा दिसली तेव्हा मी त्याला, लहानपणी पडले होते, असं सांगितलं. खरं काय ते फक्त आईला माहीत होतं, आणि आईला जाऊन चव्वेचाळीस दिवस झाले होते. त्या चव्वेचाळिसाव्या दिवशी दुपारी, विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्याआड बसून मी एका पिवळ्या पडलेल्या कागदावर वाचलं : 'डाव्या भुवईचे केस उपटते.' कागद आईच्या नावाचा होता. सौ. बनाबाई ज्ञानदेव भोइटे, वय ४२, ता. फलटण. तारीख जून १९९८ची. माझं बोट भुवईकडं निघालं आणि अर्ध्यात थांबलं, कारण समोर एक मुलगी ओळखपत्र हातात धरून उभी होती. मॅडम, हे पुस्तक पुढच्या आठवड्यापर्यंत ठेवलं तर चालेल का, असं ती विचारत होती. चालेल, मी म्हणाले. तिनं आभार मानले. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

कागद वीरधवलनं पाठवले होते. माझा धाकटा भाऊ. दोन दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता : "ताई, आईची सगळी कागदं पिशवीत घालून सांगलीच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतो. मला त्यातलं काय उमजत न्हाई. तू वाचून बघ, कामाचं नसलं तर टाकून दे." पिशवी मिलिटरी कँटीनची होती, जाड निळ्या कापडाची, आमचे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले तेव्हापासूनची. आईनं दवाखान्याचा एकही कागद कधी टाकला नाही. चष्म्याचा नंबर, साखरेचे रिपोर्ट, कुत्रं चावल्यावरच्या इंजेक्शनांचं कार्ड, माझ्या बाळंतपणातला एक कागदसुद्धा. कुठल्याही डॉक्टरकडं जाताना ती सगळी पिशवी घेऊन जायची आणि टेबलावर उपडी करायची, तुमी शिकलेली माणसं, तुमीच बघा, म्हणायची. तळाशी हा केसपेपर होता. साताऱ्याच्या एका मनोविकारतज्ज्ञाचा. सात भेटींच्या नोंदी. त्या डॉक्टरांची एक पद्धत असावी : औषध इंग्रजीत लिहायचं, पण पेशंट जे बोलला ते त्याच्याच शब्दांत मराठीत. 'चार महिने झोप नाही. बायकांत बसवत नाही. भिंतीला पाठ लावूनच बसते, मागून कुणी येईल असं वाटतं. घास गिळत नाही. आपल्यामुळं घराचं वाईट होणार असं वाटत राहतं. डाव्या भुवईचे केस उपटते.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात, इंग्रजीतून एक ओळ : दोन्ही भुवया शाबूत. समासात एक छोटं प्रश्नचिन्ह.

आईच्या भुवया दाट होत्या, मधे जवळजवळ जुळलेल्या. शेवटच्या दिवशी, सगळं आवरून तिला अंगणात ठेवलं तेव्हाही, पांढऱ्या केसांखाली त्या तशाच काळ्या होत्या आणि मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. भिंतीला पाठ लावून ती कधी बसली नाही. दाराकडं पाठ करून, ऐन मधे फतकल मारून धान्य निवडत बसायची, येणाराजाणारा तिला वळसा घालून जायचा. बायकांत बसवत नाही, हे तर तिच्याबद्दल कुणी म्हटलं असतं तर अख्खी आळी हसली असती. वर्गात बसवत नव्हतं ते मला. नववीचा वर्ग, दुसरा बाक, आणि मागच्या तीन रांगा माझ्या पाठीला टेकलेल्या. आईनं वर्गाच्या बायका केल्या होत्या. गणिताच्या तासाला माझा हात कापायचा, ते दुसऱ्या भेटीत 'भाकरी थापताना हात कापतो' असं आलं होतं. एखादं भाषांतर वाचावं आणि मूळ पुस्तक आपल्याला पाठ असावं, तसं मी ते वाचत गेले. एकेक वाक्य उलटं वळवलं की खाली मी निघत होते. फक्त एक वाक्य बाहेरून बघून कळण्यासारखं नव्हतं. आपल्यामुळं घराचं वाईट होणार. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. ते तिला कसं कळलं, हे विचारायला आता कुणी नाही. चौथी शिकलेली बाई, जिच्यापासून मी भुवई सोडून बाकी सगळं लपवलं असं मला सव्वीस वर्षं वाटत होतं, ती माझ्या आतली यादी घेऊन साताऱ्याला गेली होती आणि परक्या माणसासमोर ती आपली म्हणून वाचून आली होती.

मला न्हाण आलं ते तेराव्या वर्षी. आत्या आल्या, पाच बायका जमल्या, पाटावर बसवून माझी ओटी भरली, हिरवा खण, नारळ. मी मान खाली घालून बसले होते आणि पाटाच्या कडेला एक मुंगी चालत होती तिच्याकडं बघत होते. बायका गात होत्या, आणि तो आवाज हळूहळू लांब गेला, कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा. पुढं काही दिवसांनी तो परत येईल असं मला वाटलं. तो आला नाही. बाहेरचं सगळं एका पडद्याआड आणि आत माझं रक्त मात्र कानात वाजतंय, अशी ती स्थिती होती. मला तिचं नाव ठाऊक नव्हतं, त्यामुळं ती फक्त मलाच होते आहे आणि त्याला कारण मीच आहे, हे मी ठरवून टाकलं. मी बोलायची कमी झाले. खेळायची थांबले. हाक मारली की उठायची, सांगितलेलं करायची, परत कोपऱ्यात. आणि याचं कौतुक झालं. आत्या म्हणाल्या, "लय शांत झाली गं पोरगी. कशी उंडारायची आधी. आता वळण लागलं." वडिलांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. आई माझी वेणी घालत होती. वेणी झाल्यावर तिनं माझा चेहरा हनुवटीला धरून वर केला, काजळाच्या डबीत करंगळी बुडवली आणि माझ्या डाव्या भुवईवरून फिरवली. त्यानंतर रोज. एका शब्दानं विचारलं नाही, का उपटतेस म्हणून. ती जागा आधी आई भरायची. नंतर मी.

जूनमध्ये ती एकदा म्हणाली, "कँटीनला जायाचंय साताऱ्याला. चल सोबत." एसटीत तिनं मला खिडकी दिली. कँटीनमधून साबण, बिस्किटं, वडिलांच्या दाढीचं क्रीम घेतलं, आणि मग परत स्टँडकडं न जाता ती मला पोवई नाक्याजवळ एका कापड दुकानाच्या बाजूनं जिना चढून वर घेऊन गेली. वर बाकं होती आणि सगळी माणसं जमिनीकडं बघत होती. कंपाउंडरनं विचारलं, "पेशंट कोण?"

"मीच की," आई म्हणाली.

"आन ही?"

"सोबत आणलीय पोरगी."

मला तो क्षण अंगासकट आठवतो. फरशीचा गारवा चपलेच्या झिजलेल्या टाचेतून वर आला होता. आईला काहीतरी झालंय. माझ्या आईला असल्या जागी यावं लागतंय. मी बाकावर बसले, अर्थात भिंतीला पाठ लावून, आणि ओलांडता येणार नाही असं एक अंतर माझ्या आणि त्या अर्धवट उघड्या दाराच्या मधे पसरलं. दारातून आईची पाठ दिसत होती. ती बोलत होती, हातवारे न करता. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावरून दोनदा माझ्याकडं पाहिलं. घरी हिची काळजी घेणारं कोण आहे ते बघताहेत, असं मला वाटलं आणि मी ताठ बसले. ती बाहेर आली तेव्हा मी उठून तिच्या हातातली कँटीनची पिशवी घेतली. जड होती. तिनं ती मला घेऊ दिली. परतताना मी तिला खिडकी दिली. लोणंदच्या पुढं ती बाहेर बघतच म्हणाली, "लई काय न्हाई गं. डोक्याचं जरा हाय. तुझ्या बापाला सांगू नगंस." नाही सांगणार, मी म्हणाले. आणि त्या संध्याकाळपासून मी एक काम अंगावर घेतलं : आईला माझा त्रास होऊ द्यायचा नाही. रडायचं ते गोठ्यामागं, आणि घरात यायच्या आधी हौदावर तोंड धुऊन, ओठ नीट करून. जेवायचं, घशाखाली उतरत नसलं तरी पाण्याबरोबर. भुवईचा हात मी मांडीखाली दाबून ठेवायला शिकले. आईला वाटलं गोळ्या लागू पडल्या. पाचव्या भेटीची नोंद आहे : 'बरीच सुधारणा. घास जातो. रडणं थांबलं.'

गोळ्या आई मला द्यायची, रोज जेवण झाल्यावर. "घे. रक्तवाढीची हाय. न्हाण आल्यावर पोरींच्या अंगातलं रक्त कमी हुतं." पांढरी, छोटी, कडू. शाळेत पुढं कधीतरी रक्तवाढीच्या गोळ्या वाटल्या तेव्हा त्या लाल होत्या, पण मी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत. केसपेपरवर त्या गोळीचं नाव आहे, आणि प्रमाण आहे, बेचाळीस वर्षांच्या धडधाकट बाईला द्यायचं. माझं वजन सदतीस किलो होतं. दोन वर्षं मी घेतली. त्या दोन वर्षांतलं मला फार आठवत नाही. लोकर भरलेल्या खोलीतून चालल्यासारखं आठवतं, आणि दुपारी गळून झोपणं, आणि तोंडाला सतत कोरड. मग अकरावीला साताऱ्याला वसतिगृहात गेले, गोळ्या थांबल्या, आणि लोकर गेली आणि तिच्याखालचं सगळं जसंच्या तसं होतं. मी आता ग्रंथालयात काम करते, माझ्या हाताखालून खूप काही जातं. त्या वयात मेंदू स्वतःची छाटणी करतो असं मी वाचलं आहे; वापरातले धागे राखतो, बिनवापराचे कापून टाकतो. माझ्यातलं काय राखलं गेलं आणि काय कापलं गेलं, ते कळायला दुसरी एखादी मी असायला हवी होती, जिला तिच्या स्वतःच्या नावानं, तिच्या वजनाला धरून औषध मिळालं असतं आणि जिला कुणीतरी, तुला काय होतंय, असं विचारलं असतं.

धवलचं वेगळं होतं. त्याचं दोन वर्षांनी सुरू झालं आणि त्याचा आवाज होता. पंधराव्या वर्षी त्यानं शाळेतल्या एका मुलाचा दात पाडला. सोळाव्या वर्षी दारू पिऊन मोटरसायकल कालव्यात घातली, सगळं गाव दोर घेऊन धावलं. वडील म्हणायचे, "गरम रक्त हाय. पलटणीत गेला की उतरंल." पलटणीत तो गेलाच नाही, दोनदा भरतीत धावताना मागं पडला, आणि एकदा रागानं त्यानं घराच्या खिडकीची काच मुठीनं फोडली. आई तीन दिवस त्याच्या हाताला हळद लावत बसली होती. पण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, काही न करता, तो निवला. आता त्याचा ऊस आहे, जेसीबी आहे, दोन मुलं आहेत, तो हळू बोलतो. त्याच्या लग्नात सोयऱ्यांना सांगितलं गेलं, पोरगं लहानपणी जरा तापट होतं, आणि दोन्हीकडची माणसं हसली. त्याच्यावर काही चिकटलं नाही. मी असूयेनं म्हणत नाही. तो कालव्यातच गेला असता तर त्याचाही आकडा कुठल्यातरी रकान्यात पडला असता. मुलांचे ते रकाने मी पाहिले आहेत : अपघात, मारामाऱ्या, व्यसनं, आणि ज्याच्यावर मला बोट ठेवता येत नाही तो शेवटचा, आत्महत्यांचा.

आलेख मला मागच्या हिवाळ्यात एका नियतकालिकात सापडला होता, आई असताना. दोन रेषा, मुलींची आणि मुलांची. मेंदूच्या वाढीचा माथा मुली साधारण एक-दोन वर्षं आधी गाठतात आणि त्यांची रेषा आधी उतरायला लागते. मुलांची नंतर. लगाम घालणारा भाग दोघांतही सगळ्यात शेवटी, विशी ओलांडल्यावर तयार होतो. पुढच्या पानावर उदासीचा आलेख : अकरा-बारा वर्षांपर्यंत दोन रेषा जवळजवळ एकच, आणि तिथून मुलींची उचलत जाते ती दुप्पट होईपर्यंत. का, याची चार कारणं दिली होती आणि कुठलंच पुरेसं नाही असंही लिहिलं होतं. लेखक प्रामाणिक होते. हे अंतर सरासरीचं आहे, दोन मुलग्यांमधला फरक हा मुलगा-मुलीतल्या फरकापेक्षा मोठा असू शकतो, समोरच्या एका मुलीकडं बघून या रेषा दिसत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं. मी ते पान झेरॉक्स करून घरी नेलं, कारण आमच्या घरी समोरची एक मुलगी होती.

राजनंदिनी नववीत आहे. ऑक्टोबरपासून ती पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट घालते आणि एप्रिल आला तरी घालत होती. सांगलीचा एप्रिल. तिच्या खोलीचं दार बंद असतं, आत मोबाइलचा उजेड असतो. हाक मारली की येते, ताट पुसून ठेवते, परत जाते. माझ्या सासूबाई तिच्यावर खूश आहेत. "मोबाइल सोडला तर नाव ठेवायला जागा न्हाई," त्या म्हणतात. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मला बोलावलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, थांबू नका, मिरजेला चांगले डॉक्टर आहेत, या आठवड्यात दाखवा. त्या रविवारी मी जयराजला सांगितलं. तो वर्तमानपत्र पसरून संत्रं सोलत होता. बँकेत आहे तो. चांगला माणूस आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"दाखव ना. मी कुठं नाही म्हणतोय," तो म्हणाला. "फक्त नाव."

"कुणाचं नाव?"

"अगं, आता पहिल्यासारखं नाही. सगळं आधारला जोडतात. एकदा चिकटलं की जन्मभर निघत नाही. उद्या परदेशी शिकायला जायचं म्हणाली, कुठं नोकरी, कुठं स्थळ. कोण कुठला कागद उघडेल सांगता येतं का?"

"ती चौदा वर्षांची आहे, जयराज."

"म्हणूनच म्हणतो." त्यानं संत्र्याच्या फोडी दोन बशांत वाटल्या, एक बशी तिच्या बंद दाराशी नेऊन ठेवली, टकटक केली आणि परत आला. सासूबाई आतून म्हणाल्या, "वयच तसलं हाय. आमच्यात काय कुणी कोपऱ्यात बसली न्हाई व्हय? संसाराला लागल्या की समद्या उठल्या." मी त्यांना, त्यातली एक अजून उठलेली नाही, असं म्हणाले नाही. मी म्हणाले, नाव तिचंच घालणार. तिचा आजार, तिचं नाव. जयराज संत्र्याची सालं वर्तमानपत्रात गुंडाळत म्हणाला, बघ बाई, शिकलेली आहेस. मी शनिवारची वेळ घेतली. हे बुधवारी. आणि गुरुवारी एसटीनं पिशवी आली.

केसपेपर वाचून झाल्यावर मी पुस्तकांच्या मागच्या घोड्यांमध्ये, त्या उंच मांडण्यांमध्ये गेले, जिथं कायद्याची जुनी पुस्तकं आहेत आणि कुणी येत नाही, आणि धवलला फोन लावला. त्या दिवशी दवाखान्यात नेमकं काय झालं ते मला परत सांग, म्हणाले.

"सांगितलं की तुला, ताई."

"परत सांग."

"पाठीत दुखाय लागलं, दोन खांद्यांच्या मधी. मग जबड्यात. घाम फुटला, उलटी झाली. गाडीत घालून नेलं. पोरगाच हुता डॉक्टर, चांगला हुता बोलायला. पट्टी काढली हृदयाची, म्हणाला यात फार काय दिसत न्हाई. मग आईनं तिची ती पिशवी केली उपडी. त्यानं एकेक कागद बघितला. एक जुनाट कागद हुता, तो बघून त्यानं इचारलं, मावशी, ह्या गोळ्या तुमी घेत हुता का?"

"आई काय म्हणाली?"

"काय म्हणणार. माझ्याकडं बघितलं आन व्हय म्हणाली."

"लगेच म्हणाली?"

"आता तेवढं कुठं ध्यानात ऱ्हातंय, ताई. जरा थांबली असंल. व्हय म्हणाली. मग तो म्हणाला, हे घबराटीचं हाय, जुना मानसिक त्रास हाय मावशींना, पुन्हा वर आलाय. इंजेक्शन दिलं, झोप लागली तिला. घरी आणलं. तिसऱ्या दिवशी सकाळी..." तिकडं जेसीबीचा आवाज येत होता, मग तो बंद झाला. "ताई, आईला तसला त्रास हुता हे तुला ठावं हुतं व्हय गं? आमाला कदीच कळलं न्हाई. आमी तिला काय काय बोलायचो."

आईनं एवढंच म्हणायला हवं होतं. न्हाई, हे माझं न्हाई. छातीवर दगड असताना, घामानं पदर भिजलेला असताना, सव्वीस वर्षांनी, जिच्यासाठी ते केलं तिच्या लग्नाला सतरा वर्षं झालेली असताना. समोर डॉक्टर आणि शेजारी माझा भाऊ, आणखी कोणी नाही. पण आईनं भावाकडं पाहिलं आणि ती व्हय म्हणाली, कारण न्हाई म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग कुणाचं? त्या तरुण डॉक्टरला मी दोष देत नाही. बायकांचं हृदय पुरुषांसारखं दुखत नाही हे त्यानंही कुठंतरी वाचलं असेल, परीक्षेसाठी. त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर जे होतं ते खरं होतं, फक्त त्या बाईचं नव्हतं. मी घोड्यांमध्ये उभी होते, कपाळ एका जाड पुस्तकाच्या पाठीला टेकलेलं. त्या पुठ्ठ्याला झुरळांच्या औषधाचा वास होता. धवल तिकडं वाट बघत होता.

"माहीत होतं," मी म्हणाले.

"मग सांगायचं न्हाई व्हय," तो म्हणाला, रागानं नाही. तो रडत होता. तो आता हळू रडतो.

शनिवारी सकाळी मी आणि राजनंदिनी सिटी बसनं मिरजेला गेलो. जयराज गाडीनं सोडतो म्हणाला होता, मी नको म्हणाले. ती खिडकीशी बसली होती, कानात वायरी, आणि बाहीचं टोक तिनं अंगठ्यानं तळहातात दाबून धरलं होतं. मला तिला सांगायचं होतं. सगळं, आजीचं, माझं, भुवईचं. दोन दिवस मी ते मनात जुळवत होते. विजयनगरपासून मिरजेच्या स्टँडपर्यंत मी त्याचं पहिलं वाक्य शोधत राहिले. तुझी आजी तुझ्याएवढ्या एका मुलीला घेऊन साताऱ्याला गेली होती. हे चांगलं वाक्य होतं. ते मी उतरल्यावर म्हणेन असं ठरवलं, आणि उतरल्यावर रस्ता ओलांडायचा होता.

दवाखाना स्वच्छ होता. खुर्च्या निळ्या, भिंतीवर दोन माणसांच्या डोक्यांचं चित्र, एकात काळे गुंते आणि दुसऱ्यात फुलं. माणसं मोबाइलकडं बघत होती. साताऱ्याला जमिनीकडं बघत होती तशीच. राजनंदिनी भिंतीच्या कडेची खुर्ची बघून बसली. काउंटरवर विशीतली मुलगी होती, केसांत गजरा, समोर संगणक. माझ्या पर्समध्ये राजनंदिनीचं आधार कार्ड वरच्या कप्प्यात होतं, मी मुद्दाम काढून तिथं ठेवलं होतं. माझं खालच्या कप्प्यात होतं, ते नेहमीच असतं.

"नवीन पेशंट का जुने?"

"नवीन."

"नाव सांगा."

मी आलेख पाहिलेले आहेत. मी आईचा केसपेपर चार वेळा वाचला होता, तो त्याच पर्समध्ये घडी घालून ठेवला होता. एका बाईच्या नावावर दुसरीचं दुखणं घातलं की काय होतं, हे या शहरात माझ्याहून जास्त कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. काउंटरवरच्या मुलीच्या बोटांखाली संगणकाच्या कळा तयार होत्या. तिची नखं रंगवलेली होती, एकाचा रंग उडालेला. मी तोंड उघडलं. त्या वेळी मनात भीती नव्हती, जयराज नव्हता, स्थळ नव्हतं. फक्त हात पुढं येतो तसं काहीतरी पुढं आलं, एखादी वस्तू पडताना आपण धरतो तसं.

"संयोगिता जयराज घाटगे," मी म्हणाले.

"वय?"

"चाळीस."

"सोबत कोण?"

"मुलगी."

"काय त्रास होतो?"

"झोप नाही," मी म्हणाले. "ऑक्टोबरपासून. माणसांत बसवत नाही."

कळा वाजत होत्या. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. राजनंदिनीनं कानातल्या वायरी काढल्या होत्या. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, इतक्या जवळ ती कित्येक महिन्यांत आली नव्हती, तिच्या केसांना शांपूचा वास होता. तिनं माझ्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला अडकवली. मी ती घेऊ दिली.

"मम्मी, तू बस. मी करते हे," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, हळू आवाजात : "पप्पांना माहीत आहे?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. तिनं बाह्या ओढून मनगटांवर घेतल्या, केस कानामागं सारले, आणि माझ्यादेखत, एकेक करून, कपाळ, डोळे, ओठ, आपला चेहरा नीट केला.